इंटरव्हल टायमरने टिपूया ताऱ्यांच्या रेषा : वेळ अमावस्येच्या रात्रीचा विज्ञान उपक्रम



पृथ्वी स्वतःभोवती चोवीस तासांत एक फेरी मारते, हे वाक्य आपल्या लेकरांना प्राथमिक शाळेतच पाठ होतं. पण पाठ होणं वेगळं आणि मोजून बघणं वेगळं. "सर, चोवीसच तास कशावरून?" असं एखाद्या मुलीने विचारलं, तर आपण बहुतेक वेळा पुस्तकाकडे बोट दाखवतो. खरं तर यावेळी आभाळाकडे बोट दाखवता येतं. एक कॅमेरा, एक ट्रायपॉड, अंधारी जागा आणि तासाभराचा वेळ एवढं असलं, की आठवीतलं पोर कोनमापक घेऊन पृथ्वीच्या फेरीचा वेग स्वतः मोजू शकतं. एवढंच काय, आपण नकाशावर कुठल्या अक्षांशावर राहतो, हेसुद्धा त्याच फोटोतून काढता येतं.

ताऱ्यांच्या गोल गोल रेषांचे फोटो आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलेले आहेत. ते दिसायला सुंदर असतात, म्हणून आपण ते पुढे पाठवतो आणि विसरतो. या लेखात तोच फोटो नांदेड-लातूरच्या आकाशात कसा काढायचा, कॅमेऱ्यातला इंटरव्हल टायमर नेमका कसा लावायचा आणि फोटो निघाल्यावर वर्गात त्याचं काय करायचं, हे सविस्तर पाहू.

वेळ अमावस्याच का?

लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या सीमेकडच्या भागात मार्गशीर्ष अमावस्येला येळवस, म्हणजे वेळ अमावस्या असते. अख्खं घर शेतात जातं, भज्जी, आंबील, उंडे सोबत असतात आणि त्या दिवशी गावं रिकामी पडतात. डिसेंबर-जानेवारीतला हा दिवस आपल्या उपक्रमासाठी जणू ठरवून दिलेला आहे. कारणं बघा :

१. अमावस्या असल्याने रात्री चंद्र नाही. चंद्रप्रकाशात आभाळ उजळतं आणि मंद तारे बुजून जातात.

२. हिवाळा असल्याने ढग कमी. जून ते सप्टेंबर पावसाळ्यात हा प्रयोग जमत नाही, आणि मे महिन्यात हवेत धूळ फार असते.

३. सूर्य लवकर मावळतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात आपल्याकडे पावणेसहा-सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि सव्वासातला पुरता अंधार पडतो. म्हणजे सव्वासात ते सव्वाआठ फोटो काढून लेकरं साडेनऊपर्यंत घरी पोचतात. रात्रभर जागायची गरज नाही.

४. घरची माणसं आधीच शेतात असतात. "रात्री मुलीला कुठं पाठवायचं?" हा प्रश्नच राहत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या बहुतेक शाळांत चांगला कॅमेरा नसतो, पण गावात लग्नाचे फोटो काढणारा एक तरी फोटोग्राफर असतोच. त्याच्याकडे डीएसएलआर आणि ट्रायपॉड दोन्ही असतं. अमावस्येला लग्नाची तारीख नसते, त्यामुळे कॅमेरा मोकळा आणि फोटोग्राफरही मोकळा. त्याला वर्गाचा पाहुणा म्हणून बोलवा. लेकरांना वाटतं, विज्ञान म्हणजे प्रयोगशाळेतली काचेची भांडी. गावातल्या दादाच्या हातातलं यंत्रही विज्ञानाचं साधन आहे, हे त्यांना दिसू द्या.

काही पालक म्हणतील, अमावस्येच्या रात्री लेकरं बाहेर नकोत. त्यांच्याशी वाद घालू नका. येळवशीला आपण स्वतःच दिवसभर शेतात असतो, याची हसत आठवण द्या आणि त्यांनाच सोबत बोलवा. अमावस्या म्हणजे चंद्र सूर्याच्या बाजूला असल्याने त्याची उजेडाची बाजू आपल्याकडे नाही, एवढंच. आणि म्हणूनच तारे सर्वांत छान त्या रात्री दिसतात. आई-वडील स्वतः कॅमेऱ्याशेजारी बसले, की पुढच्या वर्षी परवानगी मागावी लागत नाही.

जागा कशी निवडायची?

नांदेड शहरात किंवा लातूर शहरात गच्चीवरून हा फोटो निघतो, पण फिका निघतो. रस्त्यावरचे दिवे, दुकानांचे फलक, मंगल कार्यालयांचे झगमगाट यांनी आभाळ राखाडी होतं. शहरापासून पंधरा-वीस किलोमीटर आत गेलं तरी मोठा फरक पडतो. कंधार, मुखेड, किनवट, माहूर, औसा, अहमदपूर, निलंगा या तालुक्यांतल्या गावांना तर फार लांब जायचीही गरज नाही, गावाबाहेरचा आखाडा पुरतो. किल्ल्यांवर किंवा लेण्यांमध्ये रात्री प्रवेश नसतो, त्यामुळे तिकडचा विचार करू नका.

उत्तरेकडे शहर किंवा साखर कारखाना नको, कारण आपला मुख्य फोटो उत्तरेचा आहे. समोर एखादं लिंबाचं झाड, आखाडा किंवा पाण्याची टाकी असली तर बरं, फोटोत जमीन आणि आभाळ दोन्ही येतं. नदीकाठची किंवा नुकतंच पाणी दिलेल्या रानाची जागा टाळा. तिथे लवकर दव पडतं आणि भिंगावर पाण्याची वाफ बसते.

अंधाराची किंमत आता सरकारी पातळीवरही ओळखली जाऊ लागली आहे. जानेवारी २०२४ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला. आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होणार आहे. ती ताऱ्यांचे फोटो काढणार नाही, तिचं काम वेगळं आहे. पण आकाशाचा अभ्यास आपल्या मराठवाड्यातूनही होतो, हे मुलांना सांगायला ते उत्तम उदाहरण आहे.

एकच लांब फोटो का काढायचा नाही?

फिल्मच्या काळात कॅमेऱ्याचा पडदा तासभर उघडा ठेवून ताऱ्यांच्या रेषा काढत असत. डिजिटल कॅमेऱ्यात तसं केलं तर तीन अडचणी येतात. आभाळाचा मंद उजेड साठत जातो आणि फोटो पांढरट होतो. सेन्सर तापतो आणि खोटे रंगीत ठिपके उमटतात. आणि मधेच कुणी बॅटरी मारली किंवा ट्रायपॉडला पाय लागला, तर तासाची मेहनत वाया.

म्हणून आपण तीस-तीस सेकंदांचे शंभरेक फोटो काढायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवायचे. प्रत्येक फोटोत तारा थोडा पुढे सरकलेला असतो. सगळे तुकडे जोडले की रेषा तयार होते. हे शंभर फोटो हाताने बटण दाबून काढता येतील, पण प्रत्येक वेळी कॅमेरा हलेल आणि अंतर कमी-जास्त होईल. हे काम कॅमेऱ्यानेच ठराविक अंतराने करावं, यासाठी इंटरव्हल टायमर असतो.

इंटरव्हल टायमर : इथेच बहुतेकांची गाडी अडते

कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये "इंटरव्हल टायमर" असा पर्याय असतो. ज्या कॅमेऱ्यात नसेल त्याला बाहेरून जोडायचा टायमर रिमोट मिळतो. त्यात दोन आकडे भरायचे : इंटरव्हल किती सेकंदांचा आणि फोटो किती.

आता नीट लक्ष द्या. निकॉनसारख्या कॅमेऱ्यांत इंटरव्हल म्हणजे एका फोटोच्या सुरुवातीपासून पुढच्या फोटोच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ. दोन फोटोंमधली विश्रांती नव्हे. त्यामुळे फोटो ३० सेकंदांचा आणि इंटरव्हल १ सेकंद असं भरलं तर गोंधळ होतो. बरं, इंटरव्हल ३० भरला तरी चालत नाही. कारण कॅमेऱ्यावर ३० सेकंद लिहिलेलं असलं, तरी बऱ्याच कॅमेऱ्यांत पडदा प्रत्यक्षात ३२ सेकंद उघडा राहतो. शटरचे वेग दुपटीने वाढत जातात : १, २, ४, ८, १६, ३२. सोयीसाठी त्यातल्या १६ ला १५ आणि ३२ ला ३० म्हणतात. पहिला फोटो संपायच्या आत दुसऱ्याची वेळ झाली, तर कॅमेरा तो फोटो सोडून देतो आणि रेषेत मोठी फट पडते.

म्हणून ३० सेकंदांच्या फोटोसाठी इंटरव्हल ३३ सेकंद ठेवा. काही टायमर रिमोटमध्ये मात्र इंटरव्हल म्हणजे फोटो संपल्यानंतरची विश्रांती असते, तिथे १ सेकंद पुरतो. आपल्या यंत्रात कोणती पद्धत आहे, हे घरी बसून ओळखता येतं. पाच फोटो काढा आणि प्रत्येक फाईलची वेळ बघा. दोन फोटोंच्या वेळेत ३३ सेकंदांचं अंतर दिसलं, की बरोबर.

फोटोंची संख्या मुलांकडूनच काढून घ्या. एक तास म्हणजे ३६०० सेकंद, भागिले ३३, म्हणजे साधारण १०९ फोटो. दोन तासांना २१८. कॅननच्या काही कॅमेऱ्यांत संख्येच्या जागी शून्य ठेवलं तर आपण थांबवेपर्यंत फोटो निघत राहतात.

फटीचं गणित

तीन सेकंदांची फट दिसणार नाही का? हे गणित नववी-दहावीच्या मुलांना जरूर द्या.

आकाश तासाला १५ अंश फिरताना दिसतं, म्हणजे ४ मिनिटांत १ अंश. एक अंश म्हणजे ६० कला आणि एक कला म्हणजे ६० विकला. हिशेब केला तर तारा एका सेकंदाला जास्तीत जास्त १५ विकला सरकतो. नेहमीच्या डीएसएलआरवर १८ मिलिमीटरचं भिंग असेल, तर फोटोतला एक पिक्सेल आकाशातल्या साधारण ४५ विकला व्यापतो. म्हणजे तीन सेकंदांत तारा जेमतेम एक पिक्सेल सरकतो. एवढी फट डोळ्यांना दिसत नाही. पण एक पूर्ण फोटो चुकला, तर सुमारे दहा पिक्सेलची फट पडते आणि रेषा तुटक दिसते.

यातूनच एक महत्त्वाची सूचना येते. कॅमेऱ्यात "लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन" नावाची सोय असते, ती बंद करा. ती चालू असली तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ पडदा बंद ठेवून दुसरा काळा फोटो घेतो. रेषेचा अर्धा भाग गायब होतो आणि कारण कुणाला कळत नाही.

बाकीची मांडणी

कॅमेरा देण्यापूर्वी ही यादी मुलांच्या हातात द्या. एकाने वाचायचं, दुसऱ्याने करायचं.

- मोड : मॅन्युअल
- शटर : ३० सेकंद
- अ‍ॅपर्चर : भिंगाचा सर्वांत मोठा, साध्या भिंगाला एफ ३.५
- आयएसओ : खेड्यात १६००, शहराजवळ ४०० ते ८००
- फोकस : मॅन्युअल. स्क्रीनवर एखादा ठळक तारा मोठा करून बघा, तो सर्वांत बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवा, मग रिंगला हात लावू नका
- व्हाइट बॅलन्स : ऑटो नको, कोणताही एक ठरवून ठेवा, नाहीतर फोटोंचे रंग बदलत राहतात
- भिंगातली कंपन रोखणारी सोय : बंद
- फोटो काढल्यावर स्क्रीनवर दिसण्याची सोय : बंद, बॅटरी वाचते
- फोटोचा प्रकार : जेपीजी पुरे. १०९ फोटो साधारण एक जीबीत बसतात
- बॅटरी : पूर्ण चार्ज, जमल्यास एक जादा

ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला दगडांची पिशवी लटकवा, वाऱ्याने कॅमेरा हलत नाही. बॅटरीच्या तोंडाला लाल जिलेटिन कागद बांधा. लाल उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही.

कॅमेरा नसेल तर? अनेक मोबाईलमध्ये "प्रो" मोड असतो आणि त्यात ३० सेकंदांचा फोटो निघतो. काही मोबाईलमध्ये ताऱ्यांच्या रेषांसाठी वेगळी सोयही असते. मोबाईल विटेला टेकवून पक्का बसवा आणि दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावून एकामागून एक फोटो घ्या. रेषा थोड्या तुटक येतात, पण मोजायला चालतात.

तीन दिशा, तीन धडे

*उत्तर : ध्रुवाभोवतीची वर्तुळं.* ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंचीवर दिसतो? जवळपास आपल्या अक्षांशाएवढ्या. नांदेडचा अक्षांश सुमारे १९.१५ अंश आणि लातूरचा सुमारे १८.४ अंश. म्हणजे आपल्याकडे ध्रुव बराच खाली असतो. हात पूर्ण लांब करून एकावर एक दोन मुठी ठेवल्या, की साधारण तेवढी उंची होते.

इंटरनेटवरचे पूर्ण गोल वर्तुळांचे फोटो बहुधा युरोप-अमेरिकेतले असतात. तिथे ध्रुव आभाळात उंच असतो, त्यामुळे मोठाली वर्तुळं पूर्ण दिसतात. आपल्या फोटोत मोठी वर्तुळं क्षितिजाने कापलेली येतात. लेकरांना हे आधी सांगा, नाहीतर त्यांना वाटतं आपला फोटो बिघडला. फोटो बिघडलेला नाही, तो मराठवाड्याचा आहे. सप्तर्षी आणि शर्मिष्ठा ध्रुवाभोवती फिरतात असं आपण शिकवतो, पण आपल्या अक्षांशावर ही दोन्ही मंडळं उगवतात आणि मावळतात. येळवशीच्या संध्याकाळी शर्मिष्ठा ध्रुवाच्या बरोबर वर इंग्रजी एम अक्षरासारखी दिसते आणि सप्तर्षी क्षितिजाखाली असतात.

मोजमाप करायचं असेल तर ध्रुव फोटोच्या मध्यावर ठेवा. १८ मिलिमीटरच्या भिंगाने आडवा फोटो घेतला, तर उभ्या दिशेने सुमारे ४७ अंश आभाळ मावतं. म्हणजे ध्रुव मध्यावर ठेवूनही खाली क्षितिजाची कड फोटोत येते. आपल्या अक्षांशाला हे अगदी मापात बसतं.

*पूर्व : सरळ तिरप्या रेषा.* मृगाचा पट्टा, म्हणजे ओळीतले ते तीन तारे, खगोलीय विषुववृत्ताजवळ आहेत. ते जवळजवळ नेमक्या पूर्वेला उगवतात आणि त्यांच्या रेषा फोटोत वक्र येत नाहीत, सरळ येतात. नोव्हेंबरच्या मध्यात साडेआठ-नऊला कॅमेरा पूर्वेकडे, जमिनीला समांतर आणि उभा लावा. समोर एखादा विजेचा खांब येऊ द्या. फोटोत ताऱ्यांच्या रेषा खांबाशी उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे झुकलेल्या दिसतील. हा झुकाव कोनमापकाने मोजा. तो १९ अंशांच्या आसपास येईल. तोच आपला अक्षांश! भूगोलाच्या पुस्तकातली आडवी रेघ आपल्या शेतातल्या फोटोत तिरपी होऊन आलेली असते.

*दक्षिण : अगस्तीची कमान.* फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास अगस्ती दक्षिणेला सर्वांत उंच असतो. ही उंची नांदेडहून सुमारे १८ अंश आणि लातूरहून सुमारे १९. म्हणजे उत्तरेला ध्रुव जितका वर, जवळपास तितकाच दक्षिणेला अगस्ती वर. दक्षिणेच्या फोटोत रेषा उलट्या दिशेने वाकतात, कारण दक्षिण ध्रुवबिंदू आपल्या क्षितिजाखाली १९ अंशांवर आहे. न दिसणाऱ्या मध्याभोवतीची ही कमान बघून तो मध्य कुठे असेल, हे मुलांना कंपासने शोधायला लावा.

फोटो जोडायचे कसे?

स्टारस्टॅक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर यासाठी मिळतं. सगळे फोटो त्यात टाकायचे आणि "लाइटन" पद्धत निवडायची, काही मिनिटांत चित्र तयार. पण बटण दाबण्याआधी वर्गात हा खेळ घ्या, कॉम्प्युटरशिवाय होतो.

फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला कॅमेरा उजेडाचा एक आकडा देतो : ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. समजा एकाच जागेचे चार फोटोंतले आकडे १२, १५, २१० आणि १४ आहेत. तिसऱ्या फोटोत तिथे तारा होता. आता प्रश्न : अंतिम चित्रात कोणता आकडा घ्यायचा?

बेरीज केली तर २५१. चार फोटोंना ठीक वाटतं, पण जिथे तारा नाही तिथेसुद्धा १०९ फोटोंची बेरीज पंधराशेच्या वर जाते, म्हणजे सगळं आभाळ पांढरं. सरासरी घेतली तर सुमारे ६३, तारा फिका पडला, आणि १०९ फोटोंत तर दिसेनासाच होईल. म्हणून सर्वांत मोठा आकडा घ्यायचा : २१०. लाइटन म्हणजे एवढंच. चार मुलांना आलेख कागदावर आकड्यांचे चौकोन द्या आणि पाचव्याला प्रत्येक घरातला मोठा आकडा निवडून नवीन कागद भरू द्या. चौथ्या-पाचव्या ओळीला रेषा उमटताना दिसते आणि वर्गात एकच गलका होतो.

चित्रात काही आगंतुक रेषाही असतील. ठिपक्या-ठिपक्यांची लांब रेषा म्हणजे विमान. एकसारखी सरळ जाणारी रेषा म्हणजे उपग्रह. दोन्ही टोकांना निमुळती आणि एकाच फोटोत आलेली रेषा म्हणजे बहुधा उल्का. कोणती कोणत्या फोटोत आली, ते मुलांना सुट्या फोटोंतून शोधू द्या. नको असलेली विमानाची रेषा त्या एका फोटोतच पुसायची, तो फोटो काढून टाकला तर फट पडते.

मोजमाप आणि त्यातला कमी-जास्तपणा

उत्तरेच्या फोटोची मोठी छापील प्रत काढा. वर्तुळांचा मध्य शोधा. एका ठळक रेषेची सुरुवात आणि शेवट या मध्याशी जोडा, मधला कोन मोजा. तासाभराच्या फोटोत तो १५ अंश यायला हवा. मग त्रैराशिक : १५ अंशांना १ तास, तर ३६० अंशांना किती?

गटांची उत्तरं वेगवेगळी येतील आणि तीच खरी शिकण्याची जागा आहे. कोनमापकावर एका अंशाची चूक सहज होते. १४ अंश वाचले तर दिवस जवळपास २५.७ तासांचा येतो, १६ वाचले तर २२.५ तासांचा. दोन तासांचा फोटो असेल तर कोन ३० अंश होतो आणि त्याच एका अंशाच्या चुकीचा परिणाम निम्म्यावर येतो. "मोजमाप सुधारायचं असेल तर काय करावं?" याचं उत्तर मुलं स्वतः देतात : जास्त वेळ फोटो काढा, जास्त रेषा मोजा, सरासरी घ्या. आकडा पुस्तकाशी जुळवायला लावू नका. जो आला तो वहीत लिहू द्या.

खरं माप २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद आहे. कोनमापकाला हा फरक दिसत नाही, पण शेतकऱ्याला दिसतो. कसा? तारे रोज सुमारे ४ मिनिटे लवकर उगवतात. महिन्याला २ तास, सहा महिन्यांत १२ तास. नोव्हेंबरच्या मध्यात साडेआठच्या आसपास उगवणारा मृगाचा पट्टा डिसेंबरच्या मध्यात साडेसहाच्या आतच वर येतो. जूनच्या ७-८ तारखेला "मृग निघाला" म्हणतो, तेव्हा मृगाचे तारे रात्री का दिसत नाहीत, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. कारण तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, तारे सूर्यासोबत दिवसा उगवून मावळतात. पेरणीचा मृग आणि हिवाळ्यातला मृग एकच आहे, हे या चार मिनिटांतून समजतं.

ध्रुव खरंच अढळ आहे का?

आपल्या फोटोत ध्रुवाला मोठं करून बघा. तो ठिपका नाही, त्याचीही बारीकशी रेषा आहे. ध्रुव खऱ्या ध्रुवबिंदूपासून साधारण दोन-तृतीयांश अंश दूर आहे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त. तासाभरात तो फोटोत दहा-पंधरा पिक्सेल सरकतो.

इथे शिक्षकाने जपून बोलावं. अढळपदाची गोष्ट लेकरांनी आजीकडून ऐकलेली असते, तिची टिंगल करायची नसते. गोष्ट निष्ठेची आहे आणि ती तशीच सांगावी. नुसत्या डोळ्यांना ध्रुव स्थिरच दिसतो, हेही खरं. पण डोळ्यांना न दिसणारं साधनाने दिसलं, तर ते मान्य करायचं, ही विज्ञानाची रीत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलत सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे ध्रुवपदावरचा ताराही काळानुसार बदलतो.

हा फोटो काय सिद्ध करतो आणि काय नाही?

एखादं हुशार पोर विचारेल : "फोटोत तारेच फिरलेत. मग आभाळ फिरत नसून पृथ्वी फिरते, हे कसं कळलं?" या प्रश्नाला शाबासकी द्या, कारण तो बरोबर आहे. फोटोवरून फक्त एवढंच ठरतं की आकाश आणि पृथ्वी एकमेकांच्या तुलनेत फिरतात, किती वेगाने आणि कोणत्या आसाभोवती. आर्यभटाने इसवी सन ४९९ मधल्या आर्यभटीयात चालत्या नावेचं उदाहरण दिलं आहे : नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. आपल्या लेकरांना रेल्वेच्या खिडकीतून दिसणारी झाडं आठवतील. पृथ्वीच फिरते हे सर्वांसमोर दाखवणारा लंबकाचा प्रयोग फुकोने १८५१ मध्ये पॅरिसमध्ये केला. फोटोचा धडा झाला की लंबकाचा धडा घ्या, दोन्ही मिळून उत्तर पुरं होतं. आणि जाता जाता सांगा : नांदेडला आपण शांत उभे असतो, तेव्हाही पृथ्वीसोबत तासाला सुमारे १५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असतो.

दोन शाळांचा जोड उपक्रम

नांदेड आणि लातूर जिल्ह्यातल्या दोन शाळांनी मिळून हे केलं तर आठवीच्या भूगोलातला "स्थानिक वेळ व प्रमाण वेळ" हा पाठ जिवंत होतो. लातूर नांदेडच्या सुमारे पाऊण अंश पश्चिमेला आहे, म्हणून तोच तारा लातूरला तीनेक मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. भारताची प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, तर आपल्याकडे सूर्य किती उशिरा डोक्यावर येतो, हे गणित दोन्ही शाळांनी सोडवून एकमेकांना पाठवायचं. नांदेडचं सरासरी उत्तर सुमारे २१ मिनिटे, लातूरचं सुमारे २४. सातवीला "तारकांच्या दुनियेत" या पाठासोबतही दोन्ही शाळांचे फोटो भिंतीवर लावता येतील.

सुरक्षितता

- पालकांची लेखी संमती आणि मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्या. मुली असतील तर महिला शिक्षिका किंवा माता-पालक सोबत हव्यातच.
- दिवसा जागा बघून या. कठडा नसलेली विहीर, उघडी वायर, कुंपणाची तार कुठे आहे ते मुलांना उजेडात दाखवा.
- सर्वांच्या पायात बूट. बसायला सतरंजी, आणि ती अंथरण्याआधी खाली बॅटरी मारून साप-विंचू बघा.
- उसाच्या फडाजवळ बसू नका, रानडुकरांचा वावर असतो.
- डोकं-कान झाकणारे कपडे आणि गरम पाणी सोबत ठेवा.

कॅमेरा काम करत असतो तेव्हा तासभर मुलांना काहीच काम नसतं. तो वेळ फुकट घालवू नका. आजोबांना बोलतं करा. माळवदावर झोपून आभाळ बघितलेली आणि रात्रीच्या लाईटीवर पाणी देताना ताऱ्यांवरून वेळ ओळखणारी ही पिढी आहे. सप्तर्षींना म्हातारीची बाज आणि मागच्या तिघांना चोर म्हणणारी माणसं अजून गावागावात आहेत. ती नावं मुलांनी वहीत लिहून घ्यावीत. फोटो पुन्हा काढता येतो, ही नावं मात्र माणसांसोबत निघून जातात.

मुलांसाठी प्रश्न

१. दीड तासाच्या फोटोत ताऱ्याची रेषा किती अंशांची येईल?
२. इंटरव्हल ३३ सेकंद असेल, तर दीड तासात किती फोटो निघतील?
३. दिल्लीहून काढलेल्या फोटोत ध्रुव जास्त उंच दिसेल की कमी? का?
४. विषुववृत्तावरच्या गावात पूर्वेकडच्या रेषा खांबाशी किती अंश झुकतील?
५. आज रात्री नऊला दिसलेला तारा एका महिन्यानंतर त्याच जागी किती वाजता दिसेल?

यंदाच्या कॅलेंडरमध्ये मार्गशीर्ष अमावस्या कोणत्या तारखेला आहे ते आजच बघून ठेवा आणि गावातल्या फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा. पहिला फोटो पूर्वेचा घ्यायचा की उत्तरेचा, हे मात्र लेकरांना ठरवू द्या.